मदत हवी आहे: खोल बर्फासाठी कोणती स्नोमोबाईल घ्यावी?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, लहान भाऊ कॅनडात रेव्हलस्टोकला असतो, यंदा स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी) घेऊन राहिला. बर्फ तिकडे कंबरभर, ट्रेलवर (दाबलेल्या बर्फाच्या वाटेवर) जाणं महिन्यातून एखादवेळ. तो स्की-डू ब्रँडची समिट म्हणते, 165 इंची ट्रॅक (खालचा फिरता पट्टा), पट्ट्यावरचे दात 3 इंच, म्हणजे आपल्या काळ्या मातीत पावसात ट्रॅक्टर रुतते तशी लवकर रुतत नाही. पण इंजिन थंड होते ते ट्रॅकनं उडवलेल्या बर्फावरच, कडक ट्रेलवर तो उडतच नाही. मागच्या वेळी भाड्याच्या गाडीवर लाल दिवा लागला अन् आम्ही दोघं टनेलवर (ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणावर) हातानं बर्फ टाकत बसलो, फार भीती वाटली. मला स्की-डूचीच 146 इंची ट्रॅकवाली बॅककंट्री बरी वाटते. दोन्ही कोणी चालवल्या का? स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा) लावले तर समिटवर भागते का? प्लीज सांगा.