मदत हवी आहे: परकीय भाषा शिकवताना येणारा मनाचा थकवा

नमस्कार. मी बरीच वर्षं जर्मन शिकवते, मुख्यतः ए१ ते बी१, म्हणजे अगदी सुरुवातीपासून मधल्या पातळीपर्यंत. काम आवडतं, विद्यार्थी चांगले आहेत. पगाराचं रडगाणं इथे नको, त्याला वेगळा धागा लागेल.

गणिताचा शिक्षक एखाद्या दिवशी रुक्ष असला तरी गणित सुटतं. माझ्याकडे मी मिटले की वर्गही मिटतो. एरवी सभा गाजवणारी माणसं साधी ओळख करून देताना घामाघूम होतात. चुकीचं लिंग, चुकीची विभक्ती, की पुन्हा गप्प. त्यांची भीड मोडायची म्हणून मी सतत हसरी, उत्साही. तास संपला की घरच्यांशी बोलायचंही त्राण उरत नाही.

दुसरं दुखणं सांगायला जास्त अवघड आहे. सतत सोपी वाक्यं बोलून माझी स्वतःची जर्मन आक्रसत चालली आहे असं वाटतं. जर्मन मातृभाषा असलेले सहकारी बैठकीत असले की मी वाक्य मनात जुळवत बसते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. आणि हे बोलून दाखवलं तर ‘हिला येतं तरी का?’ अशी शंका घेतील, ही भीती.

हा नुसता थकवा की बर्नआउट? तुम्ही काय केलंत? (ध्यान आणि सकाळचं चालणं सुचवू नका, दोन्ही चालू आहे.)

प्रतिसाद १
फ्रेंच शिकवतो, त्यामुळे शब्दन् शब्द पटला. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताना याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं होतं: नोकरीचा भाग म्हणून ठरावीक भावना चेहऱ्यावर ठेवणं. आपलं तेच चाललंय, फक्त ते कामाच्या तासांत कुणी धरत नाही.
मी तासाची आखणीच बदलली. जोड्यांत बोलणं, मूक वाचन, ऐकून लिहिणं असे तुकडे मुद्दाम मध्ये घालतो; तेवढा वेळ मी कुणाचंही मनोरंजन करत नाही. प्रश्न विचारल्यावरची शांतता भरून काढायचंही सोडलं. पहिले काही तास जीव खालीवर झाला, पण थांबलं की कुणीतरी बोलतंच.

प्रतिसाद २
भाषेच्या वर्गातली भीती मोजायची ३३ विधानांची प्रश्नावली एलेन हॉरविट्झ यांनी सहकाऱ्यांसोबत १९८६ मध्ये मांडली. ती विद्यार्थ्यांसाठी होती. पुढे १९९६ मध्ये त्यांनीच लिहिलं, की ही भीती शिक्षकांनाही असते, विशेषतः जे स्वतः ती भाषा शिकून शिकवतात त्यांना. तेव्हा तुमची पात्रता मध्ये आणू नका.
आठवड्यातून एकदा तरी तुमच्या पातळीच्या जर्मनमध्ये कुणाशी गप्पा मारा, जिथे तुम्ही बाई नसाल. आणि वरिष्ठांकडे बी२ची बॅच मागा. ‘मी थकले’ म्हणण्यापेक्षा ही मागणी करणं सोपं जातं.

प्रतिसाद ३
बर्नआउटबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. तुमच्या लिहिण्यात पहिली स्पष्ट दिसते, तिसरीची छटा आहे, कडवटपणा मात्र दिसला नाही. अर्थात धागा वाचून निदान होत नसतं. झोप उडाली असेल किंवा सुट्टीतही उदास वाटत असेल तर समुपदेशकाकडे जा, इथल्या प्रतिसादांची वाट बघू नका.

धागाकर्ती
आभार. झोप ठीक आहे, सुट्टीत बरं वाटतं. बी२ची बॅच मागते. मूक वाचन लगेच करता येईल, पण माझे निम्मे वर्ग ऑनलाइन आहेत आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद. तिथे ही शांतता कशी पेलता? कुणी करून पाहिलंय का?