मदत हवी आहे : मेफ्लायची पिल्ले भरपूर सापडली म्हणजे पाणी चांगले, असे म्हणता येते का?

नमस्कार.

आम्ही चार जण गेले काही महिने एका ओढ्यातल्या जलकीटकांची, म्हणजे मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, स्टोनफ्लाय अशा पाण्यात वाढून पुढे पंख फुटून बाहेर पडणाऱ्या कीटकांची, नोंद ठेवत आहोत. आमच्यापैकी कोणीही कीटकशास्त्र शिकलेले नाही, त्यामुळे जे दिसते त्याचा अर्थ लावताना आम्ही अडखळतो आहोत. नोंदीची ठिकाणे दोन आहेत. एक वरच्या अंगाला, जिथे खळाळते पाणी आणि दगडगोटे आहेत, आणि दुसरे खाली, एक नाला ओढ्याला मिळतो त्याच्या पुढे, जिथे प्रवाह तसाच आहे पण दगडांवर शेवाळाचा हिरवा थर आहे. बारीक जाळी प्रवाहाला आडवी धरायची, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायाने तीन मिनिटे ढवळायचे, जाळीत आलेले सगळे पांढऱ्या तबकात ओतून भिंगातून पाहायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे, अशी आमची पद्धत आहे.

वरच्या ठिकाणी दगडाला चिकटून बसणारी चपटी मेफ्लायची पिल्ले, वाळूच्या कणांची नळी अंगाभोवती बांधून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि थोडी स्टोनफ्लायची पिल्ले मिळतात. खालच्या ठिकाणी स्टोनफ्लाय एकही नाही. मात्र लहान माशासारखी सळसळत पोहणारी, सडपातळ मेफ्लायची पिल्ले वरच्यापेक्षा कितीतरी अधिक मिळतात आणि त्यांच्या जोडीला लाल अळ्या व बारीक गांडुळांसारखे किडेही असतात. दुपारी बारा वाजता मोजलेला विरघळलेला ऑक्सिजन वर लिटरला 7.9 मिलिग्रॅम, तर खाली 9.8 भरला. पाण्याचे तापमान दोन्हीकडे 26 अंश सेल्सिअस होते. या आकड्यांवरून आमच्यातल्या एकाचे ठाम मत झाले आहे की खालचे पाणीच अधिक चांगले, कारण तिथे मेफ्लायही जास्त आणि ऑक्सिजनही जास्त. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तर काय द्यावे हेही सुचत नाही.

आणखी एक कोडे आहे. गेल्या खेपेस वरच्या ठिकाणची चपटी पिल्ले जवळजवळ नाहीशी झाली होती. ओढ्यात काही विषारी पडले की काय, अशी भीती वाटली. त्याच दिवशी काठच्या पानावर बसलेला, धुरकट पंखांचा एक कीटक मी डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी डबीत स्वच्छ पारदर्शक पंखांचा कीटक होता आणि शेजारी पंखांसकट एक रिकामी कात पडली होती. पंख फुटल्यावर कीटक कात टाकत नाहीत, असे आजवर वाचले होते. हे नेमके काय घडले? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे. मेफ्लाय हा एक कीटक नव्हे, तीन हजारांहून अधिक जातींचा गण आहे आणि त्या साऱ्यांची सहनशक्ती सारखी नाही. सापडलेल्या जलजीवांवरून पाण्याची प्रत ठरवणाऱ्या, ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत (स्वच्छ पाणी लागणाऱ्या कुळाला जास्त गुण) चपट्या पिल्लांच्या हेप्टाजेनिइडी कुळाला 10 गुण आहेत, तर पोहणाऱ्या बेटिडी कुळाला अवघे 4. लाल अळ्या ज्या कुळातल्या, त्या कायरोनोमिडीला 2 आणि गांडूळवर्गीयांना 1. हे गुण जसेच्या तसे दुसऱ्या प्रदेशाला लावू नयेत, पण क्रम समजायला ते पुरेसे आहेत. शिवाय या पद्धतीत कुळ सापडले की नाही एवढेच पाहतात, त्यातले किती जीव मिळाले याला गुण नाहीत. सांडपाण्यातली पोषकद्रव्ये थोडी वाढली की शेवाळ वाढते आणि ते खाणारी बेटिडीची पिल्लेही वाढतात, त्यामुळे आपल्या मित्रांनी संख्येवरून काढलेला निष्कर्ष उलटा पडतो. लाल अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असून त्याच्या बळावर त्या ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तगतात.

आता आपला ऑक्सिजनचा आकडा पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. समुद्रसपाटीवर 26 अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण 8.1 मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. तो 9.8 भरत असेल, तर जास्तीचा ऑक्सिजन भर उन्हात शेवाळाने सोडलेला आहे. तेच शेवाळ रात्री श्वसन करून ऑक्सिजन वापरते आणि सूर्य उगवण्याच्या सुमारास पातळी तळाला जाते. स्टोनफ्लायला त्या वेळेची पातळी सोसावी लागते, दुपारची नव्हे. म्हणून एकदा पहाटे मोजून पाहावे.

डबीतल्या कीटकाबद्दल वाचून आनंद झाला. तो मेफ्लायच होता. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा आजच्या कीटकांतला हा एकमेव गण आहे. धुरकट पंखांची ती मधली अवस्था असते. त्यानंतरच्या प्रौढाची मुखांगे निकामी झालेली असतात. तो काही खात नाही आणि जातीनुसार काही मिनिटे ते काही दिवस जगतो. डोलानिया अमेरिकाना या जातीची प्रौढ मादी तर पाच मिनिटांपेक्षाही कमी जगते. पिल्ले एकाच वेळी पंख फुटून निघून गेली असतील, तर तबक रिकामे दिसणारच. विष पडले असते तर कॅडिसफ्लाय आणि स्टोनफ्लायही दिसेनासे झाले असते. तेव्हा ते होते का, हे नोंदीत तपासावे.

प्रतिसाद २

एक छोटी भर. शेपट्या मोजून ओळख ठरवू नका. त्या सहज तुटतात आणि काही मेफ्लायना मुळातच दोन असतात. उदराच्या दोन्ही कडांना कल्ले आणि प्रत्येक पायाला एकच नखी असेल तर मेफ्लाय. दोन नख्या आणि उदराच्या कडा मोकळ्या असतील तर स्टोनफ्लाय. टाचणीच्या (चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक, डॅमसेल्फ्लाय) पिल्लाच्या टोकाला पानांसारखे तीन कल्ले असतात, त्यांनाही पुष्कळदा शेपट्या समजले जाते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज पहाटे साडेपाचला मोजले : वर 7.6 आणि खाली 4.2. मित्रांना आकडे कळवले आहेत, अजून त्यांचे उत्तर आलेले नाही. वर कॅडिसफ्लाय आणि स्टोनफ्लाय गेल्या खेपेसही नेहमीइतकेच होते, नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले सापडले. मात्र जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा, संथ डबक्यातून काढलेली ज्यांना आम्ही तीन शेपट्यांची मेफ्लाय म्हणून मोजत होतो, त्यांतली निदान सहा टाचणीची पिल्ले निघाली. त्या नोंदी दुरुस्त करून नवा तक्ता इथेच देतो.