स्वयंपाक येत नाही पण पाककृतींची पुस्तकं वाचायला आवडतात, असं कोणी आहे का इथे?

मला कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे काही येत नाही, तरी रात्री झोपताना आईची 'रुचिरा' उघडून अनारशांची कृती वाचत बसते, करणार कधीच नाहीये. आई म्हणते, वाचून पोट भरतं का गं?

प्रतिसाद १: भरतं की! कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७० चं, पण मापं वाटी-चमच्यात, त्यामुळे माझ्यासारख्या ढ माणसालाही कळतं. पोह्यांच्या पानावर माझा हळदीचा अंगठा उमटलाय.

प्रतिसाद २: अनारसे सोड गं, तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला... पिठलं कर आधी. गुठळ्या झाल्या तर रवीने घुसळायचं, कुणाला कळत नाही.

प्रतिसाद ३: मी तर 'चवीपुरतं मीठ' आलं की पुस्तकच मिटते. कोणाच्या चवीपुरतं??