‘पप्पा, तू गावाला जा’ म्हटलं की लगेच इडिपस?

जुळेसोलापूरकर:
एका समुपदेशक बाईंची पोस्ट शाळेच्या पालक-ग्रुपवर फिरतेय. पाच वर्षांचा मुलगा आई-बापाच्या मध्ये झोपतो, बापाला ढकलतो, ‘पप्पा, तू गावाला जा’ म्हणतो, म्हणजे ‘इडिपस गंड’: आईवर हक्क, नेणिवेत बापाशी वैर. त्याला आजपासून वेगळं झोपवा. खाली अंगठ्यांची रांग. बायको तेव्हापासून पोराकडे संशयानं बघतेय, म्हणून लिहितो.

ही कल्पना मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडची, आणि तिचा मोठा पुरावा म्हणजे ‘लिटल हान्स’ या पोरावरचा त्याचा १९०९चा लेख. घोडा चावेल म्हणून रस्त्यावर पाऊल न टाकणारा व्हिएन्नाचा पोरगा. उपचाराच्या काळात फ्रॉइडला भेटला एकदाच! बाकी प्रश्न बापाचे, टिपणं बापाची, आणि बाप फ्रॉइडच्या बुधवारच्या मनोविश्लेषण-बैठकीतला. पोरानं गाडीचा घोडा कोसळताना पाहिला होता, हेही त्याच लेखात आहे. भीतीला एवढं कारण पुरत नाही?

अर्धाडॉक्टर:
लेख वाचलाय तर पूर्ण सांगा की. हान्सनं शेवटी स्वतःच तोडगा काढला: आई माझी, मुलांचा बाप मी, आणि बाबांना बढती देऊन आजोबा केलं, त्यांचं लग्न त्यांच्याच आईशी. हे घोड्यानं शिकवलं का? फ्रॉइडच्या मते हे सगळ्याच पोरांत असतं, आणि त्याच बापावर मायाही असते. ‘आजच वेगळं झोपवा’ ही भर बाईंची. राग बाईंवर, मार फ्रॉइडला.

मागवाला:
वेगळं झोपवा म्हणे. कुठं? सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी पुढं टॉवेलचे माग, मागं एक खोली. आजी, आई-बाप, आम्ही भावंडं, सगळे एका ओळीत. रात्री मागाच्या खडखडाटात गाढ झोप, आणि धोटा अडकून माग थांबला की सगळे टक्क जागे. बापाचा राग लई यायचा, पण उघड. नेणिवेत ठेवायला घरात जागाच नव्हती.

जुळेसोलापूरकर:
वाक्य झकास. पण माग विकून फ्लॅट घेतलेले तुमच्याकडचेच आता पोरांना वेगळी खोली देतात, तेही बघा.

मागवाला:
माग विकला नाही, भंगारात गेला. धंदा बसला तेव्हा जुळे सोलापुरातनं कोण बघायला आलं होतं? का बे, फ्लॅट घेतला की आम्ही गुन्हेगार?

अर्धाडॉक्टर:
विषय इडिपसचा आहे, पावरलूमचा नाही.

मागवाला:
ज्याच्या घरी खोल्या जास्त त्याचाच हा विषय.

शेंगाचटणी:
मुलींचं कुणी बोलेल का? मुलीच्या बापाकडच्या ओढीला ‘इलेक्ट्रा’ हे नाव फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी युंग याचं, फ्रॉइडला ते पटलं नव्हतं. तरी पालक-ग्रुपवर तेही फ्रॉइडच्या खात्यावर. मी लहानपणी आईला म्हटलं होतं, तू मरून जा, बाबांना मी भाकरी करून घालते. आई म्हणाली, कडक कर, त्यांना मऊ चालत नाही. अजून दर गड्ड्याच्या जत्रेला पाहुण्यांना हे सांगते. कुणी मला समुपदेशनाला नेलं नाही.

जुळेसोलापूरकर:
म्हणजे हे पाश्चात्त्य खूळ, आपल्याकडे लागू नाही.

अर्धाडॉक्टर:
आपल्याकडे १९२२ मध्ये कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली, आणि माझ्या रुग्णांत हे तुमच्यासारखं दिसत नाही असं फ्रॉइडलाच कळवलं. खूळ म्हणून झटकलं नाही, तपासलं. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोवस्कीला पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर पोरांचा राग मामावर दिसला, कारण तिथं धाक मामाचा. राग आहेच, फक्त पत्ता बदलतो.

शेंगाचटणी:
आपल्या पुराणांत तर उलटाच पत्ता. गणपतीचं डोकं बापानं उडवलं, ययातीनं पोराचं तारुण्य मागून घेतलं. बापांच्या नेणिवेवर पोस्ट कधी येणार?

जुळेसोलापूरकर:
बरं बाबा, पोरं रागावतात, मान्य. महान शोध! बायकोला हा धागा दाखवतो. पोरगं मध्येच झोपेल.

मागवाला:
झोपू द्या. पण भंगाराचं मी विसरलेलो नाही.