साठ टक्क्यांची शिष्यवृत्ती : ग्रामीण विदर्भातील अनुभव

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की नव्वद टक्क्यांपुढच्या मुलांची छायाचित्रे छापून येतात, आणि शिष्यवृत्ती हा विषयही त्यांच्यापुरताच असावा असे पंचावन्न-साठ टक्क्यांच्या घरात मुकाट्याने गृहीत धरले जाते. "बाप्पा, आपल्या पोराले कोन देते पैसे?" असे म्हणून अनेक पालक अर्जाच्या वाटेलाही जात नाहीत. प्रत्यक्षात खेड्यातल्या विद्यार्थ्याला लागू होणाऱ्या बऱ्याच योजनांमध्ये गुणांची अट एक तर उत्तीर्ण होण्यापुरती असते किंवा ५० ते ६० टक्क्यांवर थांबते. खरी चाळणी कुटुंबाचे उत्पन्न, प्रवर्ग, प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला ही बाब आणि कागदपत्रे यांची असते. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना दहावी-बारावीत मध्यम गुण होते आणि तरीही महाविद्यालयासाठी शिष्यवृत्ती मिळाली, त्यांनी (किंवा त्यांच्या पालकांनी, शिक्षकांनी) कोणती योजना होती, कोणता कागद अडला आणि पैसा प्रत्यक्षात केव्हा हाती आला, हे लिहावे. जिद्द आणि परिश्रम यांवरचा उपदेश कृपया टाळावा. तो सर्वांना पाठ आहे.

दारव्हा तालुका, यवतमाळ : स्थापत्य अभियंता

मला २०१८ साली बारावीला ६१ टक्के होते. घरी तीन एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. प्रवर्ग खुला असल्यामुळे आपल्यासाठी काहीच नाही, अशी माझ्या वडिलांची खात्री होती. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो, हे आम्हाला गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. त्याने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी सांगितली की प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, घ्यायचा. त्याच सुमारास एक मध्यस्थ आमच्या घरी येऊन संगणक शाखेची संस्थास्तरावरची (महाविद्यालय स्वतः भरते ती) जागा मिळवून देतो म्हणत होता, आणि वडील जवळजवळ तयारही झाले होते. त्या जागेवर शिष्यवृत्ती लागू होणार नव्हती. मी कॅपमधून मिळालेली स्थापत्य शाखा घेतली आणि अमरावतीला गेलो. शाखा निवडताना गुण कमी असलेल्या मुलाने शिष्यवृत्तीचा हिशेब आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते अनेकांना पटत नाही हेही मला ठाऊक आहे.

दुसरा आधार डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा झाला. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती आहे, आणि त्या काळी अमरावतीसारख्या ठिकाणी वर्षाला २०,००० रुपये मिळत असत. ज्या माणसाने पापळसारख्या गावातून येऊन १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, त्याच्या नावाची योजना त्याच जिल्ह्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना माहीत नसावी, याचे मला आजही नवल वाटते. अडचण अल्पभूधारक असल्याच्या दाखल्याची आली. सातबारा आजोबांच्या नावावर होता, आजोबा वारल्यानंतर वारसनोंद कोणी केलेलीच नव्हती, आणि वडिलांच्या नावावर कागदोपत्री एक गुंठाही नसल्यामुळे तहसील कार्यालय दाखला देईना. आधी फेरफार, मग नवा सातबारा व आठ-अ, मग दाखला, असा तो क्रम होता. ज्यांच्या घरी मूल अकरावीत आहे त्यांनी आपला सातबारा आजच काढून पाहावा.

पैशाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. शुल्क ऑगस्टमध्ये भरायचे असते, सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कापूस त्याहून उशिरा विकला जातो आणि शिष्यवृत्ती तर वर्षाच्या उत्तरार्धातच येते. पहिल्या वर्षी वडिलांनी उसनवारी केली. नंतर महाविद्यालयाने हमीपत्र घेऊन उरलेले शुल्क थांबवून धरले.

आरमोरी तालुका, गडचिरोली : परिचारिका

माझे बारावीचे गुण ५४ टक्के. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहाची निवड गुणांवर होते, त्यामुळे यादीत नाव आले नाही. वसतिगृह नाकारले गेले म्हणजे विषय संपला असे वाटून माझ्याबरोबरच्या दोघी गावी परतल्या. पण वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. त्यात भोजन, निवास आणि निर्वाह मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये थेट खात्यात येत असत. खोलीचे भाडे त्यातून भागले. जेवणाचा डबा महाग पडत असल्याने खोलीतल्या आम्ही तिघींनी मिळून घरच्याच तांदळावर स्वयंपाक केला. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यात किमान ५० टक्के गुण लागतात. दोन्हीकडे हजेरी मात्र काटेकोरपणे पाहिली जाते.

अमरावती विभाग : महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिक

मी अर्जांच्या पलीकडच्या बाजूला बसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर) विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो प्रथम महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो, आम्ही तपासून पुढे पाठवतो आणि मग संबंधित विभाग मंजूर करतो. गुण कमी म्हणून अर्ज परत गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. अर्ज परत जातात ते नावांमुळे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर वडिलांच्या नावाशिवाय दुसरे, उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसरे. परत पाठवलेला अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. मोबाइल क्रमांक गावातल्या केंद्रचालकाचा दिलेला असल्यामुळे संदेश त्याला जातो, आणि मुदत संपल्यावर पालक आमच्या खिडकीशी येऊन विचारतात की साहेब, आमच्या पोराचे काय झाले.

दुसरे कारण बँक खात्याचे. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिला तरी शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधारशी अनेक खाती जोडली गेली असतील तर जे सर्वांत शेवटी जोडले गेले तिथे ती जमा होते. मध्येच कुणीतरी गावात शिबिर घेऊन दुसऱ्या बँकेचे खाते उघडून देतो, अंगठा घेतो, आणि पुढचे सर्व अनुदान तिकडे वळते. मुलगा जुने पासबुक भरून भरून कंटाळतो, पैसा मात्र त्याच्याच नावावर दुसरीकडे पडलेला असतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे तपासून घ्यावे.

उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रावर रांग असते, तलाठी पेरणीच्या आणि पीक कर्जाच्या कागदांत गुंतलेले असतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच दाखला काढून ठेवणारी मुले पुढे निर्धास्त असतात.

आणखी एका योजनेविषयी गैरसमज आहे. केंद्र शासनाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती ८० टक्केवाल्यांची आहे असे सर्रास सांगितले जाते. अट ८० टक्क्यांची नसून ८० पर्सेंटाइलची आहे, म्हणजे आपल्या मंडळात, आपल्या शाखेत, वरच्या पाचव्या हिश्श्यात यायचे. ती सीमारेषा प्रत्येक शाखेची वेगळी असते आणि मंडळ ती जाहीर करते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे, पदवीच्या वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि एकूण जागांपैकी निम्म्या मुलींसाठी आहेत. ही काही सामान्य गुणांची योजना नव्हे, हे मान्य. परंतु ७० टक्क्यांच्या आसपासच्या मुलाने स्वतःच्या शाखेची सीमारेषा न पाहताच अर्ज सोडून देणे बरोबर नाही. एकदा मिळाल्यावर नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी पुरते.

मेहकर तालुका, बुलढाणा : माध्यमिक शिक्षक

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीची सुरुवात आठवीत होते, असे मी माझ्या शाळेतल्या पालकांना सांगतो. एनएमएमएस या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) मिळवलेला आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेला विद्यार्थी बसू शकतो. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. निवड जिल्हा व प्रवर्गनिहाय होत असल्यामुळे आमच्यासारख्या शाळेतून एखाद-दुसराच लागतो. पण परीक्षेत उत्तीर्ण होऊनही निवड न झालेल्या मराठा व कुणबी विद्यार्थ्यांना राज्य शासनाच्या सारथी संस्थेकडून छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती म्हणून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ३८,४००. विदर्भातल्या खेड्यांत कुणबी समाज मोठा आहे, आणि ही शिष्यवृत्ती अगदी मधल्या फळीतल्या मुलांची आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने अकरावी-बारावीचे हे पैसे खर्चच केले नाहीत. पदवीच्या प्रवेशाच्या वेळी घरी कोणाकडे हात पसरावा लागला नाही.

अडचण एवढीच की अर्ज शाळेमार्फत जातो आणि शाळेने तो पाठवला नाही तर पालकांना कळतच नाही. निकालाच्या यादीत "निवड नाही" एवढे वाचून शिक्षकच फाइल बंद करतात, हे मी जवळून पाहिले आहे.

आर्वी तालुका, वर्धा : एका विद्यार्थिनीची आई

आमची मुलगी २०२४ मध्ये अभियांत्रिकीला लागली. बारावीचे गुण साठच्या आत. आम्ही इतर मागास वर्गातले, उत्पन्न आठ लाखांच्या पुष्कळ खाली. त्याच वर्षी शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. आमच्या नातेवाइकांनी "मोफत शिक्षण" हे शब्द ऐकून अभिनंदन केले, परंतु वसतिगृह, खाणावळ आणि महाविद्यालयाची इतर शुल्के आमच्याकडेच राहिली. त्यासाठी लीला पूनावाला फाउंडेशनची माहिती मिळाली. ते वर्धा, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतील मुलींनाही शिष्यवृत्ती देतात. मुलाखतीत तिला गुणांविषयी फार कमी विचारले. घर कसे चालते, बाबा काय करतात, शिकून पुढे काय करायचे आहे, यावरच प्रश्न होते. ती अडखळत बोलली, पण खरे बोलली.

चंद्रपूर जिल्हा : वाणिज्य पदवीधर

वरील सर्वांचे लिखाण वाचून एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. मला शिष्यवृत्ती मंजूर झाली, तिची रक्कमही आली, परंतु ती आली तेव्हा पदवीचे शेवटचे वर्ष संपलेले होते. मधल्या काळात माझ्या महाविद्यालयाने थकीत शुल्कापोटी टीसी अडवून ठेवली आणि पदव्युत्तर प्रवेशाची संधी गेली. म्हणून नवीन विद्यार्थ्यांना "शिष्यवृत्ती मिळेल, काळजी करू नका" असे सांगणे मला अर्धवट वाटते. शिष्यवृत्ती ही परतफेड आहे असे समजूनच घराचा हिशेब मांडावा. कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात काम करून मिळणारी रक्कम अल्प असते. तरीही ती वर्ष चालू असतानाच हाती येते, आणि माझ्या मते तिचे मोल त्यातच आहे.

*धागाकर्ता :* आपला मुद्दा योग्य आहे. खासगी शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, यावर कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावा.

वणी, यवतमाळ : कला शाखेचा विद्यार्थी

मला रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती मिळाली आहे, बारावीला ६३ टक्के असताना. अट ६० टक्क्यांची आहे, शाखा कोणतीही चालते, उत्पन्नाची मर्यादा १५ लाख असली तरी अडीच लाखांखालच्यांना प्राधान्य आहे, आणि पदवीच्या काळात मिळून दोन लाखांपर्यंत रक्कम मिळते. देशभरातून ५,००० मुले निवडतात, त्यामुळे स्पर्धा मोठी आहे. ती गुणांपेक्षा ऑनलाइन अभियोग्यता चाचणीत होते, म्हणून गणित-तर्काची शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेतली सवय कामी आली. चाचणी इंग्रजीत असते आणि गावात नेटवर्क टिकत नाही, तेव्हा मी वणीला मित्राच्या खोलीवर बसून ती दिली. अर्ज फक्त पहिल्या वर्षाचे विद्यार्थी करू शकतात. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना हे दुसऱ्या वर्षी कळले.

तेल्हारा तालुका, अकोला : आपले सरकार सेवा केंद्र चालक

जात वैधता प्रमाणपत्राविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश आणि पुढे शिष्यवृत्ती, दोन्हींसाठी ते लागते, आणि बारावीनंतर धावपळ सुरू केली तर बहुधा वेळेत मिळत नाही. अकरावीतच अर्ज करावा. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा. आपल्याकडे तो दोन ठिकाणी हमखास शोधतात. एक म्हणजे आजोबा किंवा पणजोबा शिकले त्या जिल्हा परिषद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, आणि दुसरे म्हणजे तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची नक्कल, जिच्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीसमोर जात लिहिलेली असते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाची, चुलत भावाची नोंदही चालते, फक्त वंशावळ प्रतिज्ञापत्रावर नीट जुळली पाहिजे. जुन्या नोंदी काही ठिकाणी मोडीत आहेत, त्यांचे लिप्यंतर करून द्यावे लागते.

*आरमोरीच्या ताईंचा प्रश्न :* दादा, जमातीसाठीही हेच का?

वर्ष अनुसूचित जातीप्रमाणेच १९५० धरतात, तारीख मात्र ६ सप्टेंबर, ताई. पण समिती वेगळी असते आणि चौकशीही अधिक खोलवर होते. त्यामुळे अर्ज आणखी लवकर करावा.