ट्वाइनमधला कॉलेजचा गेम : हजेरी 112 टक्के दाखवते, मोबाईलवर सेव्ह टिकत नाही

पांदण_रस्ता
तालुक्याच्या कॉलेजातल्या एका सेमिस्टरवर मराठीत मजकुराचा गेम करून राहिलो आहे. फुकट वाटायचा आहे. ट्वाइन 2 (निवडीच्या लिंकांवर चालणारे गेम बनवायचं साधन), शुगरक्यूब फॉरमॅट (त्यातला गेम चालवणारा भाग). पात्र गावाहून एस.टी.नं येते, घरी कापसाची वेचणी सुरू असते, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की परीक्षेचा फॉर्म अडते. अडचणी अशा :
हजेरी कधी 112 टक्के होते, तर पहिल्या आठवड्यात आकड्याच्या जागी ‘नॅन’ येते. लोक मागे जाऊन निवड बदलतात, सर हजेरी घेणार की नाही हा नशिबाचा भागच उरत नाही. फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली तर काही फोनवर सेव्ह राहत नाही. आणि दोन-तीन लिंका तुटक्या दाखवते, नाव अगदी बरोबर असूनही.

बोंडअळी
112 चं कारण बहुतेक हे : तासाची बेरीज तुम्ही पॅसेजच्या (गेममधल्या एका पानाच्या) आत लिहिली आहे. शुगरक्यूब पॅसेज दिसला की त्यातला कोड चालवतं. खेळणारा वर्गातून नोटीस बोर्ड पाहायला गेला आणि परत वर्गात आला, की अजून एक तास जमा. बेरीज पॅसेजमधून काढा आणि लिंकमध्ये टाका : [[वर्गात बसा|वर्ग][इथे बेरीज]]. मग निवड केली तेव्हाच एकदा मोजलं जातं, पॅसेज कितीदा उघडला याच्याशी संबंध नाही. व्हेरिएबलची (आकडे साठवणाऱ्या खणांची) नावं मात्र रोमन अक्षरांतच ठेवा, देवनागरी नाव शुगरक्यूब घेत नाही.

‘नॅन’ म्हणजे शून्याला शून्यानं भागलं. एकूण तास शून्य असतील तर टक्केवारी काढूच नका, ‘अजून तास झाले नाहीत’ असं छापा. हे फक्त दिसायला वाईट आहे असं समजू नका. नॅनची कुठलीही ‘पेक्षा कमी’ तुलना खोटी ठरते, म्हणजे 75 ची अट त्याला अडवतच नाही.

आणि एक. पाटीवर दाखवायला आकडा गोल करता ते ठीक, पण अट तपासताना गोल केलेला आकडा वापरू नका. 74.6 चे 75 होतात आणि फॉर्म भरला जातो. तपासणी कच्च्या आकड्यावर, आणि दाखवतानाही खाली छाटून दाखवा, नाहीतर 75 दिसत असताना का अडवलं म्हणून खेळणारा भांडेल.

नशिबासाठी स्टोरीइनिटमध्ये (गेम सुरू होताना चालणाऱ्या खास पॅसेजमध्ये) ‘स्टेट.पीआरएनजी.इनिट’ एकदा बोलवा. त्यानंतर यादृच्छिक आकड्याचं बीज सेव्हसोबत जातं, मागे जाऊन तीच निवड केली तर निकालही तोच. मागे जायचं बटण पूर्ण बंद करायचं असेल तर ‘कॉन्फिग.हिस्टरी.मॅक्सस्टेट्स’ 1 करा. मला ते पटत नाही. मोबाईलवर बोट चुकून लागतंच.

जोडाक्षर
लिंकचं मी सांगतो. पॅसेजच्या नावात ‘दुसऱ्या’ किंवा ‘ॲडमिशन’ असं काही आहे का? ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो : एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लागून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लागून. ‘ॲ’ सुद्धा एकाच अक्षराचा किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. पडद्यावर सारखंच दिसतं, संगणकाला दोन वेगळी नावं. घरी लॅपटॉपवर पॅसेज आणि बसमध्ये मोबाईलवर लिंक लिहिली की हे हमखास होतं. पॅसेजची नावं ‘वर्ग-3’, ‘बस-5’ अशी कोरडी ठेवा, दिसणारा मजकूर लिंकमधल्या | या दांडीच्या डावीकडे हवा तसा लिहा. कोणी कृतिदेवात (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात) टाइप करून दिलं असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

स्टाइलशीटमध्ये ओळींचं अंतर 1.7 च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच, वाढवलं की शिरोरेषा तुटते. अक्षर-अक्षर उमटवणारा ‘टाइप’ मॅक्रो मराठीला वापरू नका : ‘क्ष’ येण्याआधी ‘क’, मग पाय मोडका ‘क्’ दिसतो. वेगळा फाँट फाईलमध्ये भरायची गरज नाही, अँड्रॉइडमध्ये देवनागरी असतेच.

सेव्हचं : शुगरक्यूब सेव्ह ब्राउझरच्या साठवणीत ठेवतं. व्हॉट्सॲपमधली फाईल टॅप केली की ती तात्पुरत्या पत्त्यावरून उघडते, तिथे साठवण मिळेलच असं नाही. इच.आयओवर (गेम ठेवायच्या वेबसाइटवर) चढवून लिंक पाठवा. फाईलचं नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’, झिप करा, ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ यावर टिक, आणि किमतीत ‘नो पेमेंट्स’ निवडा. मूळ पर्याय देणगीचा असतो, ‘पैसे द्या’ पाहून पोरं परत फिरतात. ज्यांना फाईलच हवी त्यांना ‘सेव्ह टू डिस्क’ दाखवून द्या. गेम बाहेर पडल्यावर पॅसेजची नावं बदलू नका, जुन्या सेव्ह मोडतील.

सीतादही
रोजचा एक पॅसेज करत असाल तर थांबा, मजकूर आवरणार नाही. 15 आठवडे, आठवड्याला तीन निवडी, म्हणजे 45 जागा. पुरते.
एस.टी.चा हिशेब खरा ठेवा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात भाड्याचा साधारण एक तृतीयांशच पैसा लागते. म्हणून पास संपण्याचा आठवडा (4, 8, 12) हीच खरी अडचण करा : पैसे नसले तर पूर्ण तिकीट किंवा वेचणीला जाऊन मजुरी, आणि तास बुडाला. पण मार्च 2023 पासून महिलांना तिकीट निम्मं आहे. मुलगी निवडली आणि तिला पूर्ण तिकीट लावलं तर गावातली कोणतीही पोरगी लगेच पकडेल. वेचणी आणि हिवाळी परीक्षा एकमेकांवर येतात, तेव्हा शेवटच्या पाच आठवड्यांत मजुरीचा मोह वाढवा. किलोमागे दर गावात विचारून टाका.

पांदण_रस्ता
बेरीज लिंकमध्ये हलवली, हजेरी ताळ्यावर आली. तुटक्या लिंकांचं तेच होतं, ‘ऱ्या’. दोन प्रश्न राहिले. मुलगा-मुलगी दोन्ही ठेवले तर ‘गेला/गेली’ जागोजागी लिहावं लागते. आणि निवडीऐवजी टाइप करून आदेश देता येईल काय?

बोंडअळी
निवेदन ‘तुम्ही’मध्ये न्या. ‘तुम्ही वर्गात शिरलात, मागच्या बाकावर बसलात’ दोघांनाही चालतं, एकही अट लागत नाही. संवादात मात्र सूट नाही. मित्र म्हणेल ‘काहून बे, गाडी हुकली काय?’, मैत्रिणीला ‘काहून वं’. अशा शब्दांचे छोटे विजेट (एकदा लिहून नावानं बोलवायचे तुकडे) करा, ‘विजेट’ टॅगच्या एका पॅसेजमध्ये, आणि सगळीकडे तेच बोलवा.

टाइप करण्याचा नाद सोडा. आदेश वाचणारी साधनं इंग्रजी धाटणीची, क्रियापद आधी धरणारी. मराठीत ‘दप्तरातून वही काढ’ : क्रियापद शेवटी, आणि दप्तर, दप्तरात, दप्तरातून, दप्तराला ही सगळी एकच वस्तू. प्रत्येक रूप यादीत घालत बसाल. त्यात मोबाईलवर उभ्यानं, गर्दीच्या गाडीत मराठी टाइप कोण करते?

जोडाक्षर
ब्राउझरमधल्या ट्वाइनवर काम करत असाल तर रोज ‘आर्काइव्ह’ (सगळ्या गोष्टींची एक फाईल) उतरवून ठेवा. ब्राउझरचा डेटा साफ केला की गोष्टही जाते.