भुसावळात पेटी शिकायची आहे, सर कसे शोधू? (वय ४१, शिफ्ट ड्युटी)

तापी_लोको
नमस्कार मंडळी. मी भुसावळला रेल्वेत आहे, ड्युटी शिफ्टची, आठवड्याचा काही नेम नसतो. आमच्या कॉलनीचं भजनी मंडळ एकादशीला बसतं, त्यात पेटी वाजवणारे काका दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला कायमचे चालले, आणि आता सगळे माझ्याकडे बघून राह्यले कारण मला म्हणे सुराचा कान आहे. मी आजवर टाळ सोडून काही वाजवलं नाही. पण खरं सांगायचं तर इच्छा लहानपणापासून होती, तर म्हटलं शिकूनच घेऊ.

प्रश्न असा की सर शोधायचे कुठे? मोबाईलवर शोधलं तर गिटार-कीबोर्डचे क्लास येतात नाहीतर पुण्या-मुंबईचे ऑनलाइनवाले. इथे एक क्लास बघून आलो, सगळी आठवी-नववीची पोरं बसलेली आणि सरांनी पहिलंच विचारलं की परीक्षेला बसायचं का. दुसऱ्या ठिकाणचे सर म्हणे तुम्ही फक्त गाणं सांगा, मी पट्ट्यांवर नंबर टाकून देतो, पंधरा दिवसात वाजवाल. मला दोन्ही पटलं नाही पण का पटलं नाही तेही नीट सांगता येईना.

शिवाय घरात मुलीचा कीबोर्ड पडून आहे, त्यावर सुरुवात चालेल का? की पेटी आधी घ्यावी?

केळीबाग_रावेर
भो, मोबाईलवर नाही सापडत हे सर. पेटीचे चांगले शिकवणारे अर्धे लोक पाटीच लावत नाहीत. आपल्याकडे सप्ताह कुठे ना कुठे चालूच असतो, तिथे जाऊन बस, पेटीवाला आवडला की कीर्तन संपल्यावर सरळ विचार तुम्ही कुणाकडे शिकला. लोक आनंदाने सांगतात. दुसरं, पेट्या दुरुस्त करणारा माणूस गाठ. गावातल्या प्रत्येक पेटीचा भाता त्याच्या हातून गेलेला असतो, कोण रोज वाजवतं आणि कुणाची पेटी शोकेसमध्ये असते ते त्याला बरोबर माहीत.

आणि जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, त्याला जात जा. तिथे श्रोत्यांत शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही बसलेले असतात, मध्यंतरात चहाच्या रांगेत ओळखी होतात. तसंही पेटी म्हटलं की आपल्या जळगावचं नाव आधी निघतं, पंडित अप्पा जळगावकर कुठले होते मग?

पेटीवाली_ताई
रावेरवाले दादा, अप्पा जळगावकर आपल्या जळगावचे नव्हेत हो, ते जालन्याकडच्या जळगाव गावचे. दर वेळी कुणीतरी हे म्हणतंच 😄

तापी_लोको दादा, मी जळगावला घरीच शिकवते, हार्मोनियम आणि थोडं गायन, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही बघून आलात ते दोन्ही सर वाईट नाहीत, त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक वेगळं आहे. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीला पोरांची रांग लागते आणि सरांचं सगळं वेळापत्रक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेभोवती फिरतं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा आणि विशारद, वर्षातून दोन सत्रं, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. अभ्यासक्रम चांगला आहे, त्यात शिस्त लागते, मोठ्या माणसांनीही द्यायला हरकत नाही. पण तुम्हाला करायची आहे साथ. परीक्षेत तुम्ही ठरवून बसवलेलं वाजवता, भजनात समोरचा काय म्हणेल त्याच्या मागे जायचं असतं. म्हणून सरांना पहिल्यांदा हे विचारा की तुम्ही स्वतः गायकाला साथ करता का, आणि विद्यार्थ्याला कुणाच्या गाण्यासोबत बसवता का. नंबर टाकून देणाऱ्यांकडे हे होत नाही. नंबर पाठ होतात, गाणाऱ्याने एक ओळ दोनदा घेतली की माणूस तिथेच अडकतो.

पहिला तास फुकट द्या असं म्हणण्यापेक्षा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा तास मागे बसून बघू द्या म्हणा. तिथे सगळं दिसतं. विद्यार्थी चुकला की सर पेटी स्वतःकडे ओढून फर्डं वाजवून दाखवतात, की त्याच दोन स्वरांवर त्याला थांबवून हळू करायला लावतात? पहिल्या प्रकारचे सर मैफलीला छान, शिकायला नाही. हे मी बऱ्याच पालकांना सांगते, पालक मात्र फी आणि पार्किंग विचारून जातात.

कीबोर्डचं म्हणाल तर स्वरांच्या जागा आणि बोटं यासाठी महिनाभर चालेल. पण पेटीची अर्धी विद्या डाव्या हातात आहे. नवीन माणूस भाता तालावर मारतो, प्रत्येक मात्रेला एक झटका, त्यामुळे सूर उचक्या दिल्यासारखा येतो. हवा सारखी राहील असा सलग भाता यायला वेळ लागतो आणि कीबोर्डवर तो कधीच येणार नाही कारण तिथे भाताच नाही. पेटी लगेच घेऊ नका मात्र, सर ठरले की त्यांना सोबत घेऊन जा. जुनी मिळाली तर सगळे स्टॉप (पुढच्या ओढायच्या खुंट्या, हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या) बंद करून भाता मारून बघा, हवा कुठून गळते ते कळतं, आणि मग स्टॉप उघडून, पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप वाजतो का तेही बघा. साडेतीन सप्तकं, डबल रीड (म्हणजे प्रत्येक सुराला आवाज देणाऱ्या दोन पत्र्या), भजनाला तेवढं पुष्कळ. स्केल चेंजरच्या, म्हणजे सगळ्या पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीच्या, नादी आत्ताच लागू नका, वजनही जास्त आणि बिघडलं की दुरुस्तीला माणूस शोधत फिरावं लागतं.

फीचं पण आधीच बोलून घ्या. तुमची शिफ्ट ड्युटी, म्हणजे तास बुडणार हे नक्की. महिन्याची फी असेल तर बुडालेले तास भरून मिळणार का, की तासावर पैसे द्यायचे, हे पहिल्याच दिवशी. नंतर बोलायला दोघांनाही लाज वाटते.

मुक्ताई_दिंडी
राम कृष्ण हरी. ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर पण एक गोष्ट राहिली, पट्टीची, म्हणजे गाणारा सा कुठल्या सुरावर धरतो त्याची. मी मुक्ताईनगरचा, आमच्याकडे कीर्तनाला पेटी धरतो. क्लासमध्ये सगळे पांढरी एकपासून (पहिली पांढरी पट्टी म्हणजे सा) शिकवतात, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या सरळ दाबल्या की शुद्ध स्वर, सोपं. मग माणूस मंडळात येतो आणि बुवा पांढरी चारला उचलतात, की संपला विषय. एखादे बुवा तर काळी दोनला सुरू करतात, रंगात आले की अर्धा सूर वर चढलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. पालखीसोबत चालताना बरं असतं, टाळ-मृदंगच असतात, पण मुक्कामाला कीर्तन उभं राहिलं की पेटीवाल्याची परीक्षा. म्हणून माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून रोज एकच अलंकार, म्हणजे सरावाचा ठराविक स्वरक्रम, वेगवेगळ्या पट्टीत घोटा. सर एकाच पट्टीत अडकवत असतील तर सर बदला.

पेटीवाली_ताई
माऊली, इथे माझं जमत नाही तुमच्याशी. तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात म्हणून तुम्हाला जमलं. नवीन माणसाला पहिल्या दिवसापासून सगळ्या पट्ट्या दिल्या तर बोटं कुठेच बसत नाहीत आणि तो तीन महिन्यांत सोडतो, मी बघितलंय. आधी एक पट्टी पक्की. फक्त ती पांढरी एक असायलाच पाहिजे असं नाही, हे तुमचं शंभर टक्के मान्य. ज्या मंडळात वाजवायचं तिथले मुख्य गाणारे ज्या पट्टीत गातात तिथूनच सुरुवात करावी, मग तिच्या शेजारची, मग पुढची.

आणि तापी_लोको दादा, ते जाणारे काका अजून आहेत ना गावात? मग दिवाळीपर्यंत त्यांच्याच शेजारी का बसत नाही तुम्ही?

धुळेकर_पांझरा
भाऊ वाजाडाले शिकाले टाईम लागस, घाई करू नका 🙂

मी ऑनलाइन शिकतोय म्हणून त्याबद्दल सांगतो. धुळ्यात मनासारखे सर मिळाले नाहीत, आता नाशिकच्या सरांकडे व्हिडिओ कॉलवर शिकतो. शिकवणं होतं, पण सोबत वाजवणं होत नाही, आवाज मागेपुढे येतो त्यामुळे सर गातायत आणि मी साथ करतोय हे कॉलवर शक्यच नाही. मी आठवडाभराचं वाजवलेलं रेकॉर्ड करून पाठवतो, ते ऐकून सांगतात. तुमच्या शिफ्टला हे सोयीचं आहे, पण भजनाची साथ शिकायची तर महिन्यातून दोनदा तरी समोरासमोर पाहिजेच.

आणि एक खास आपल्याकडचं. मे महिन्यात ४५ डिग्रीत सगळे कूलर लावून बसतात आणि पेटी त्याच खोलीत असते. कूलरच्या ओल्या हवेसमोर पेटी ठेवू नका, रीड खराब होतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तबलेवाल्यांना विचारा, कूलरसमोर पुडी (तबल्याचं कातडं) सुरातून कशी उतरते ते. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत पण नको, लाकडाला चीर जाते. आतली खोली, कापडी कव्हर, बस.

तापी_लोको
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं लिहाल वाटलं नव्हतं.

काल काकांकडे जाऊन आलो. आधी म्हणे मला शिकवता येत नाही, मी नुसतं ऐकून शिकलो, सा रे ग म पण मला धड सांगता येणार नाही. मग म्हटलं शिकवू नका, नुसतं शेजारी बसू द्या, तर हो म्हणाले. आमचे मुख्य गाणारे काळी एकला धरतात आणि गौळणीला एक सूर वर, काळी दोनला जातात, हे मला इतकी वर्षं टाळ वाजवून माहीत नव्हतं. काकांनी सगळ्या चालींची यादी करून द्यायचं कबूल केलंय, मी मोबाईलवर त्यांचं रेकॉर्डिंग पण करतोय.

सरांसाठी पेटी दुरुस्तीवाल्यांकडे गेलो होतो, त्यांनी दोन नावं दिली. एक सर इथलेच, शाळेतून रिटायर झालेले, सकाळी अकराला वेळ देतो म्हणाले, म्हणजे नाईट करून झोपण्याआधी जमेल. रविवारी त्यांच्याकडे एक विद्यार्थी येतो, त्याचा तास बघायला बोलावलंय.

आता एकच अडचण. रियाज कधी करायचा? दिवसा मी झोपलेलो असतो, रात्री ऑफ असेल तेव्हाच वेळ, आणि रेल्वे क्वार्टरच्या भिंती तुम्हाला माहीतच आहेत.

पेटीवाली_ताई
झाकण बंद करून वाजवा, वरची जाळी झाकली की आवाज बराच दबतो. एकच स्टॉप उघडा, नर (मधल्या आवाजाचे रीड) तेवढा, खर्ज (जाड आवाजाचे) बंद, आणि भाता अगदी कमी. हळू भात्यावर सूर टिकवणं तसंही अवघड, त्याचा सराव होईल. अलंकार दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, घेऊ नका रात्री, विलंबितच (संथ) ठेवा. आणि रात्री दहानंतर पेटी न उघडता कीबोर्डला हेडफोन लावून नुसती बोटं फिरवा, मुलीचा कीबोर्ड त्याला कामाला येईल.

केळीबाग_रावेर
आणि शेजारच्यांना आधीच सांगून ठेव भो. शेजारी पण मंडळातलेच असतील तर प्रश्नच नाही, तेच येऊन म्हणतील आता पुढची चाल घ्या.

बाकी ताई, जालन्याचं मान्य. पण जळगाव तर जळगावच ना.